समुद्रसपाटीपासून आमचं घर

सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा परवानगीचा कागद हातात पडायला सोळा महिने लागले. बांधकाम तेरा महिन्यांत उरकलं. म्हणजे विटांपेक्षा कागदांना वेळ जास्त. आता पूरपट्ट्यात घर असलेले ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे आणि त्यांचे मेहुणे असे सगळे फोन करून विचारतात, "तुम्हाला परवानगी मिळाली कशी?" दर वेळी अर्धा तास बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. मी इंजिनिअर नाही की वकील नाही. पतसंस्थेत कॅशियर आहे, त्यामुळे पावत्या आणि तारखा मात्र एकूण एक जपून ठेवल्यात.

आधी घराबद्दल. पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढे ओसरी, मधे माजघर, मागे परस. परसाच्या टोकाला जमीन नदीकडे उतरत जाते. ओसरीच्या खांबाशेजारी भिंतीवर आईने पुराच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. २००५ ची गेरूने. २०१९ ची माझ्या नेलपॉलिशने, कारण पूर ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा रेघ मारण्यासारखं दुसरं काही घरात शाबूत नव्हतं. २०२१ ची मार्करने. त्यातली सगळ्यात वरची २०१९ ची. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ओसरीवर उभं राहिलं की ती गुलाबी रेघ बरोबर माझ्या हनुवटीला लागायची.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं आणि मागची भिंत बसली. तिथे पत्रे मारून आम्ही वर्षभर काढलं. पुण्याहून दादा म्हणाला, "डागडुजी दाखवून बांधून टाकू. कोण बघतंय?" गल्लीत तसं केलेली घरं आहेत, खोटं कशाला बोलू. पण आम्हाला कर्ज काढायचं होतं आणि मंजूर नकाशाशिवाय कर्ज मिळत नाही, हे रोज काउंटरवर बसून मीच लोकांना सांगते. तिथे तो विषय संपला.

२०२२ ची दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आर्किटेक्ट मॅडमकडे गेलो. नकाशा काढून घ्यायचा, पैसे भरायचे, झालं, अशी माझी कल्पना होती. मॅडमनी समोरच पडलेलं विजेचं बिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन रेघा ओढल्या. नदी, निळी आणि लाल.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून हे चालत आलंय. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. महापालिका परवानगी देते ती एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे. ही डिसेंबर २०२० पासून लागू झाली आणि आर्किटेक्ट लोक तिला नुसतं यूडीसीपीआर म्हणतात. निळ्याच्या आत नवं घर नाहीच. पार्किंग, बाग, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, पाइपलाइन असल्या गोष्टी तेवढ्या चालतात. तिथे आधीपासून अधिकृत बांधकाम असेल तर त्याचा पुनर्विकास होऊ शकतो, पण खात्याचं ना-हरकत घेऊन आणि लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. निळ्या आणि लालच्या मधे बांधता येतं, तिथेही अट तीच: लाल पातळीच्या वर ०.४५ मीटर. म्हणजे दीड फूट.

आई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "शंभर वर्षांतून एकदा म्हणता, मग एकोणीसनंतर दोनच वर्षांत कोण येऊन गेलं?"

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "काकू, शंभर वर्षांतून एकदा म्हणजे शंभर वर्षं सुट्टी नव्हे. दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता. फाशाला मागचं दान आठवत नसतं." आईला सारीपाट येतो. तिने मान डोलावली.

मग मॅडमनी मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, बघितलं आणि गाडी तिथेच अडली. पत्रकावर नाव आजोबांचं. आजोबा १९९४ साली गेले, बाबा २०१३ साली. घरपट्टी बाबांच्या नावाने येते, ती आम्ही वेळेवर भरतो, म्हणून घर आपल्या नावावर आहे असं आम्ही धरून चाललो होतो. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज केला. दोन मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आत्याचं हक्कसोडपत्र. आत्या ईश्वरपूरला, म्हणजे तेव्हाच्या इस्लामपूरला, असते. ती सही करायला आली तेव्हा मुद्दाम एकदा आख्ख्या घरातून फिरली आणि माजघरातल्या कोनाड्यात हात घालून बघून आली. आत काही नव्हतं. नोटिशीची मुदत, हरकत नाही, मग फेरफार, असं करत जानेवारी २०२३ उजाडला. तुमच्या घराला अजून काही झालेलं नसलं, बांधायचा विचारही नसला, तरी हे एक काम आजच करून ठेवा.

त्यानंतर मोजणी. भूमी अभिलेखकडे ऑनलाइन अर्ज केला. तेव्हा साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार होते. आम्ही तातडीची भरली, म्हणजे तीन महिने. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवलेत, मुदतीही कमी केल्यात. लगतच्या धारकांना नोटीस कार्यालयाकडूनच जाते, पण आदल्या दिवशी आपण घरी जाऊन सांगावं. आमच्या डाव्या हाताच्या काकांना मी सांगायला गेले नव्हते, तर ते मोजणीदाराआधी माझ्याशीच भांडले. एप्रिलच्या अखेरीस मोजणी नकाशा, म्हणजे ज्याला सगळे 'क प्रत' म्हणतात तो, हातात आला. आमचा प्लॉट आम्हाला वाटत होता त्यापेक्षा नऊ इंचांनी अरुंद निघाला. ते नऊ इंच कुठे गेले त्याचा शोध मी घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

आता या सगळ्या प्रकरणातली खरी गोम. पूररेषा नकाशावर रेघ म्हणून दिसते, पण परवानगीला रेघ पुरत नाही, पातळी लागते. तुमच्या जागेजवळ लाल रेषेची पातळी किती, आणि तुमच्या जमिनीची पातळी किती. दोन्ही मीटरमध्ये, दोन्ही समुद्रसपाटीपासून. आपण सांगलीकर पूर मोजतो आयर्विनच्या फुटांत. पंचेचाळीस झाले, पन्नास झाले, आता अमुक चौकात आलं. आई मोजते भिंतीवरच्या रेघेने. आणि ऑफिस मोजतं समुद्रापासून. ही तीन मापं एका कागदावर आणायला माझं निम्मं वर्ष गेलं, आणि ते माझ्याच कंजूषपणामुळे.

झालं असं. मॅडम म्हणाल्या होत्या, चांगला सर्व्हेअर घ्या. मी तीन जणांकडून दर घेतले आणि सगळ्यात स्वस्त, ९ हजारवाल्याला बोलावलं. त्याने मे महिन्यात उन्हात दिवसभर दुर्बीण लावून प्लॉटच्या पातळ्या घेतल्या आणि सुंदर रंगीत नकाशा दिला. मी तो मालमत्ता पत्रक, क प्रत आणि भाग नकाशाबरोबर (विकास आराखड्यातला आपल्या भागाचा तुकडा) जोडून ३० मे २०२३ रोजी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात पूररेषेच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. पोच घेतली. एक जूनपासून पूर नियंत्रण कक्ष सुरू होतात, म्हणजे मी नेमकी त्या लोकांच्या सगळ्यात धावपळीच्या दिवसांत जाऊन उभी राहिले. तुम्ही जाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा.

जूनच्या शेवटी फाइल परत आली. शेरा एका ओळीचा: 'पातळ्या समुद्रसपाटीच्या संदर्भाने दर्शविलेल्या नाहीत.'

नकाशा परत बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण १००.०० मीटर धरले आहे. धरले आहे! म्हणजे त्या माणसाने गल्लीतल्या गटारीच्या झाकणाला शंभर म्हटलं आणि बाकी सगळं त्यावरून मोजलं. एखादं घर बांधायला तेवढं पुरतं. नदीच्या पातळीशी जुळवायचं तर त्या शंभराचा काही उपयोग नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, तुम्ही समुद्राचं कुठे बोलला होता?" खरंच बोलले नव्हते. ९ हजार गेले.

दुसरा सर्व्हेअर सप्टेंबरात मिळाला, १६ हजार घेतले. पावसाळा म्हणून थांबले होते, पण त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडाच गेला, नदी पात्रातच राहिली. या माणसाने आधी जीटीएस बेंचमार्क शोधला. सर्व्हे ऑफ इंडियाने जागोजाग दगडात कोरून ठेवलेल्या खुणा असतात, ज्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची नक्की माहीत असते. तिथून टप्प्याटप्प्याने लेव्हल घेत तो आमच्या गल्लीपर्यंत आला. मी विचारलं, मोबाइलमध्ये पण उंची दिसते की, तीच लिहिली तर? तो म्हणाला, जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे दुरुस्ती करावी लागते, आणि मोबाइलवर तर कधीच जाऊ नका. सर्व्हेअर ठरवताना एवढंच विचारा: लेव्हल कुठल्या बेंचमार्कवरून आणणार? उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा बघा.

या माणसाने आणखी दोन गोष्टी न सांगता केल्या. एक, गल्लीच्या तोंडाशी जुन्या देवळाची दगडी पायरी आहे, तिच्यावर लाल रंगाने बाण काढून त्याची पातळी नकाशात लिहिली. दुसरी, आईच्या तिन्ही रेघांवर पट्टी धरून त्यांच्याही पातळ्या घेतल्या. आई चहा घेऊन आली तर हा भिंतीशी गुडघ्यावर बसून मार्करची पुसट झालेली रेघ नखाने शोधत होता. "काकू, वरची बाजू धरू की खालची?" आई म्हणाली, "वरची. पाणी वरपर्यंत होतं."

नवा नकाशा जोडून ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्ज परत दिला. पंधरा दिवसांत कनिष्ठ अभियंता जागा बघायला आले. त्यांनी परसात उतरून बघितलं, शेजारच्या नाल्याचं तोंड बघितलं, आईला २००५ चं पाणी कुठून आलं ते विचारलं. आई त्यांना हात धरून दाखवतेय, असं वाटत होतं. जाताना त्यांनी रेघांचे फोटो घेतले. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दाखला मिळाला.

दाखल्यातला आकडा मी इथे देत नाही, कारण तो तुमच्या कामाचा नाही. नदी उताराने वाहते, तशी पूररेषेची पातळीही खाली खाली उतरत जाते. हरिपूरच्या माणसाला गावभागाचा आकडा चालणार नाही. शेजारच्या गल्लीतला मित्र सांगतो म्हणून त्याचा आकडा उचलू नका.

दाखल्यात लिहिलं होतं की मिळकतीचा मागील भाग निळ्या पूररेषेच्या आत आणि उर्वरित भाग निळ्या व लाल पूररेषांदरम्यान येतो. म्हणजे परस निळ्यात. मी घाबरले, जागा गेली असं वाटलं. जागा जात नाही. तिथे बांधता येत नाही इतकंच. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: त्या निळ्यातल्या जागेचा एफएसआय, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, उरलेल्या जागेवर वापरता येतो, तशी तरतूद नियमावलीत आहे. मॅडमनी तो हिशेब नकाशात मांडला, म्हणून आम्हाला वर एक खोली जास्त मिळाली.

अटी तीन होत्या. पहिली उंचीची. दुसरी, भराव करून जमीन उंच करायची नाही. ही आमच्या ठेकेदाराला अजिबात पटली नाही. त्याचं म्हणणं, मुरूम टाकून ओटाच उंच करू, खांबांचा खर्च कशाला? मला ती अट पटली. आमच्या भरावाने अडलेलं पाणी डावीकडच्या काकांच्या माजघरात शिरणार, आणि काका कसे आहेत ते वर लिहिलंच आहे. तिसरी अट हमीपत्राची. पुरामुळे बांधकामाचं नुकसान झालं तर शासनाकडे भरपाई मागणार नाही, असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं. दादा फोनवर चिडला. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि सही केली. "मागून तरी काय मिळालं होतं," एवढंच म्हणाली.

मग महापालिकेची पायरी. डिसेंबर २०२३ मध्ये मॅडमनी ऑनलाइन प्रणालीवर नकाशे चढवले. इथे आपण फक्त ओटीपी सांगायचा आणि पैसे भरायचे. दोन त्रुटी निघाल्या. तळमजल्यावर जिन्याखालची जागा 'स्टोअर' म्हणून दाखवली होती, ती काढायला लावली. तळाला फक्त पार्किंग. दुसरी, पाणीपट्टीची ११०० रुपयांची जुनी बाकी निघाली, ती भरून ना-देय दाखला जोडला. ही बाकी आधीच बघून ठेवली असती तर एक आठवडा वाचला असता. विकास शुल्क, छाननी शुल्क, कामगार कल्याण उपकर, सुरक्षा ठेव असं सगळं मिळून १ लाख १८ हजार भरले. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर असतो, हे ठेकेदाराने सांगितलं नव्हतं. बजेटमध्ये आधीच धरा. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आलं. त्याची मुदत एक वर्षाची असते; तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर दर वर्षी वाढवून घेता येते, पण एकूण चार वर्षांपलीकडे नाही.

सोळा महिने. मधे एका एजंटाने "साठ हजारात सगळं करून देतो" म्हणून निरोप धाडला होता. त्याला मी विचारलं, लेव्हल कुठल्या बेंचमार्कवरून आणणार? परत फोन आला नाही.

घर पाडायच्या दिवशी मी रजा टाकली नव्हती. मुद्दामच. संध्याकाळी आले तर ओसरीचा खांब आडवा पडलेला आणि रेघांची भिंत म्हणजे पांढऱ्या मातीचा ढीग. आईने ढिगातून गुलाबी रंगाचा एक पोपडा उचलून ठेवला होता. तो हातात धरेपर्यंत चुरला.

बांधकामातली एकच हकीकत सांगते, कारण ती परवानगीशी जोडलेली आहे. मंजूर नकाशात पहिल्या मजल्याच्या फरशीची उंची रस्त्यापासूनही दाखवली होती, समुद्रसपाटीपासूनही. लाल रेषा अधिक दीड फूट ही किमान अट. त्यात खाली गाडी लावायची तर बीमच्या खाली २.४ मीटर मोकळे हवेत, म्हणून आमची फरशी रस्त्यापासून ३.०५ मीटरवर ठरली होती. परवानगी आणि खोदाई यांच्या मधल्या दिवसांत गल्लीचं काँक्रिटीकरण झालं. रस्ता सात इंच वर आला. ठेकेदाराने आपला नेहमीप्रमाणे टेप लावला रस्त्याला, आणि घर सात इंच वरच निघालं असतं. तुम्ही म्हणाल, पुरात बरंच की. पण मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधलं की शेवटी भोगवटा प्रमाणपत्राला (घर वापरायला हरकत नाही, असा महापालिकेचा दाखला) अडकतं, आणि उलटं झालं असतं, रस्ता खरवडून खाली गेला असता, तर सात इंच पाण्यात. देवळाच्या पायरीवरचा लाल बाण तेव्हा कामाला आला. सर्व्हेअरला परत बोलावून त्या बाणावरून प्रत्येक खांबावर खूण करून घेतली, २ हजार रुपये. जोत्यापर्यंत काम आल्यावर महापालिकेची तपासणी होते, तेव्हा तेच दाखवलं. रस्ता हलतो, चेंबर हलतं, दगडी पायरी हलत नाही.

उंच घर बांधताना सुचलेल्या काही गोष्टी सांगते. विजेचा मीटर आणि पाण्याच्या पंपाचा स्विच वर घ्या. पुरात पाणी दारातून येण्याआधी संडासातून आणि मोरीतून उलटं येतं, म्हणून ड्रेनेजच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. पार्किंगला भिंती घालायचा मोह टाळा, जाळी पुरे. आणि जिन्याचं तोंड गल्लीकडे ठेवा, परसाकडे नको. २०१९ ला आम्हाला बोटीतून काढलं तेव्हा बोट गल्लीतूनच आली होती.

स्टिल्टसाठी, म्हणजे तळाला मोकळं पार्किंग ठेवून घर वर घ्यायला, खांब, जास्तीचं लोखंड असं मिळून साधारण साडेचार लाख जास्त गेले. पण पैशापेक्षा मला जाचतात त्या पायऱ्या. एकोणीस आहेत. आई आता त्र्याहत्तरची आहे. ओसरी होती तेव्हा येता-जाता कुणीही टेकायचं. भाजीवाली पाटी उतरवून पाणी प्यायची, काका भांडण विसरून पेपर वाचायला यायचे. आता खाली दोन स्कूटर उभ्या असतात आणि आई वरच्या गॅलरीतून वाकून भाजीचा भाव विचारते. मॅडमना मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा एफएसआय मोजत होता." शेवटी खाली जिन्याशेजारी एक दगडी बाक टाकून घेतला. बाक हे बांधकाम धरत नाहीत, विचारून घेतलं.

भोगवटा प्रमाणपत्र मार्च २०२५ मध्ये मिळालं आणि पाडव्याला, ३० मार्चला, आम्ही राहायला आलो. वास्तुशांतीला तो दुसरा सर्व्हेअरही जेवायला आला होता. जेवण झाल्यावर खाली गेला तो बराच वेळ वर आलाच नाही. बघायला गेले तर तो देवळाच्या पायरीवरून पाण्याची नळी ओढत आमच्या पार्किंगच्या पहिल्या खांबापर्यंत पोचला होता. मागच्या वेळी घेतलेल्या पातळ्या त्याच्याकडे होत्याच. त्यावरून त्याने खांबावर पेन्सिलीने तीन खुणा केल्या. २००५, २०२१ आणि सगळ्यात वर २०१९.

आईने मला वरून नेलपॉलिश आणायला पाठवलं. तो गुलाबी रंग आता मिळत नाही, मरून होता, तो चालवून घेतला. वरची रेघ मारायला मला बाकावर चढावं लागलं. ओसरीवर हनुवटीला लागायची, ती आता डोक्यावरून जाते, कारण ओसरीच राहिली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कृष्णा चाळीस फुटांच्या वर गेली. परसाच्या टोकाला पेरूच्या बुंध्याशी पाणी दोन दिवस थांबलं आणि मागे फिरलं. आई रोज एकोणीस पायऱ्या उतरून खांबाशी जाऊन बघून यायची. पाणी खांबापर्यंत आलं नाही.